परभाषेच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्ती : अर्ज लिहिण्यापूर्वी

कामरगाव हे वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्याचे गाव. वर्षावासानिमित्त तेथील विहारात धम्मपदावर बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपल्यावर पाली घेऊन पदवीधर झालेली एक विद्यार्थिनी पुढे आली. ‘जयभीम’ करून तिने विचारले, “सर, धम्मपद चिनी भाषेतही आहे, असे आपण आताच सांगितले. ते मुळातून वाचण्यासाठी चिनी शिकायला परदेशी जाता येईल का? त्यासाठी शिष्यवृत्ती मिळते का? आणि कामरगावातून केलेला अर्ज कोणी वाचेल का?”

पहिल्या दोन प्रश्नांना आम्ही ‘होय’ असे उत्तर दिले. तिसऱ्याला मात्र आम्हांस तत्काळ उत्तर देता आले नाही. अर्ज कोठून आला यापेक्षा त्यात काय लिहिले आहे, यावर त्याचे भवितव्य ठरते, एवढे सांगून आम्ही वेळ निभावली. हे उत्तर खोटे नव्हते, पण अपुरे होते. तसाच प्रश्न मनात असलेले अनेक तरुण आपल्या विहारांतून व महाविद्यालयांतून आहेत. म्हणून ते उत्तर येथे पूर्ण करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

परभाषा कशासाठी?

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळांतून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस भाषेत बद्ध करण्याची अनुज्ञा मागितली. तथागतांनी ती नाकारली आणि लोकांनी बुद्धवचन आपापल्या भाषेत शिकावे, अशी अनुज्ञा दिली. अट्ठकथाकारांनी या अनुज्ञेचा अर्थ वेगळा लावला असला, तरी इतिहासाने पहिला अर्थच खरा करून दाखविला. धम्म जेथे गेला तेथील भाषेत तो बोलू लागला. भारतात विहार ओस पडले, हस्तलिखिते नष्ट झाली. तरीही बौद्ध वाङ्मयाचा फार मोठा भाग चिनी व तिबेटी भाषांतरांच्या रूपाने शिल्लक राहिला, तो यामुळेच.

याची काही उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. अश्वघोषाच्या बुद्धचरिताचे एकंदर २८ सर्ग होते. मूळ संस्कृतात आज जवळजवळ निम्मेच उपलब्ध आहेत; संपूर्ण काव्य चिनी व तिबेटी भाषांतरांतच वाचावे लागते. पाली धम्मपदात २६ वर्ग आहेत, तर तिसऱ्या शतकातील चिनी धम्मपदात ३९. हे जादा वर्ग कोठून आले, या प्रश्नाचा शोध केवळ पाली जाणणारा अभ्यासक घेऊ शकत नाही. जातिभेदावर प्रखर प्रहार करणारी ‘वज्रसूची’ आपण अश्वघोषाची म्हणून ओळखतो. तिच्या दहाव्या शतकातील चिनी भाषांतरात मात्र कर्ता म्हणून धर्मकीर्तीचे नाव आहे. जातिव्यवस्थेविरुद्धचा हा ग्रंथ नेमका कोणाचा, हा प्रश्न आपल्याइतका जिव्हाळ्याचा दुसऱ्या कोणाला असणार? पण त्याची चर्चा आजवर आपल्यावाचून झाली.

आपल्या भूमीसंबंधीही हेच म्हणता येईल. सातव्या शतकात ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. येथे सुमारे शंभर संघाराम आणि सुमारे पाच हजार भिक्खू असल्याची नोंद त्याने केली. ही नोंद आपण बील किंवा वॉटर्स यांच्या इंग्रजी भाषांतरांच्या आधारे उद्धृत करतो. मूळ चिनी वाक्य वाचून त्याचा अर्थ सांगणारे आपल्यांत किती आहेत?

चिनी आणि तिबेटी या मूळ साधनांच्या भाषा होत. त्यांशिवाय संशोधनाच्या भाषा आहेत. गायगर यांचा पाली भाषा व साहित्यावरील ग्रंथ १९१६ साली जर्मनमध्ये निघाला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९४३ साली झाले. मधली २७ वर्षे जर्मन न जाणणाऱ्या पाली विद्यार्थ्याला तो ग्रंथ बंद होता. आज तीच स्थिती जपानी भाषेतील संशोधनाची आहे. जपानी विद्वानांचे बौद्ध विद्येतील कार्य अफाट आहे आणि त्यातील थोडेच इंग्रजीत येते.

पूर्वसूरींचा मार्ग

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. १८७६ साली गोव्यातील सांखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९०२ साली सिंहलद्वीपात पोहोचले आणि कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांपाशी पाली शिकले. त्यांच्यापाशी शिष्यवृत्ती नव्हती. लोकांनी दिलेल्या मदतीवर प्रवास झाला. पुढे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे साहाय्य केले आणि १९१० साली ते हार्वर्डला गेले. परशुराम लक्ष्मण वैद्य पॅरिसला गेले. आर्यदेवाच्या चतुःशतकावरील त्यांचा फ्रेंच प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध झाला. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी हार्वर्डमध्ये पाली विसुद्धिमग्ग आणि चिनी भाषांतरात टिकून राहिलेला विमुत्तिमग्ग यांची तुलना केली. तो ग्रंथ १९३७ साली पुण्यात निघाला. वासुदेव विश्वनाथ गोखले जर्मनीत शिकले.

या विद्वानांचे ऋण मान्य करून एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. संस्कृतचे दार या सर्वांना जन्मतः उघडे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मात्र शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि पर्शियन घ्यावी लागली. ज्याला एक भाषा जातीमुळे नाकारली गेली, त्याने पुढे काय केले, हे आपल्या विद्यार्थ्यांनी तपशिलाने जाणून घ्यावे.

१९१३ सालच्या जून महिन्यात बाबासाहेबांनी बडोदे संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी, अशा त्याच्या अटी होत्या. कोलंबियात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांत अर्थशास्त्राचे सर्वांत अधिक आहेत. परंतु त्याच यादीत प्रारंभिक फ्रेंच आणि प्रारंभिक जर्मन यांचेही प्रत्येकी एक नाव आहे. पुढे १९२१ साली लंडनमध्ये शिकत असताना त्यांनी बॉन विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून स्वहस्ते जर्मन भाषेत अर्ज लिहिला. प्रवेश मिळालाही, लंडनच्या कामामुळे तेथील वर्गांना त्यांना जाता आले नाही आणि पुढे नाव पटावरून निघाले. फळाच्या दृष्टीने हा अर्ज अयशस्वी ठरला, असे कोणी म्हणेल. आम्हांस तो फार मोलाचा वाटतो. ज्या देशात जायचे त्या देशाच्या भाषेत, आपल्या हाताने, आपले प्रयोजन मांडणारा तो अर्ज होता. पुढे स्वकष्टाने पाली शिकून त्यांनी पालीचे व्याकरण व कोश सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. ते १९९८ साली त्यांच्या इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध झाले.

शिष्यवृत्त्यांचे दोन वर्ग

अर्ज करू इच्छिणाऱ्याने प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. पदवीसाठीची शिष्यवृत्ती वेगळी आणि भाषेसाठीची वेगळी.

पहिल्या वर्गात आपल्या परिचयाच्या दोन योजना येतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी सरकारने साहाय्य करावे, ही मागणी बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात केली होती. स्वातंत्र्यानंतर १९५४-५५ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. तिचे अर्ज पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातात. दोन्ही योजना पदव्युत्तर पदवी व पीएच.डी. यांसाठी आहेत. सहा महिन्यांच्या किंवा वर्षाच्या भाषावर्गासाठी त्यांतून पैसे मिळत नाहीत.

येथे एक कटू गोष्ट नोंदविणे आमचे कर्तव्य आहे. राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२-२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. भारताच्या इतिहासावर भारतातच संशोधन करावे, असा युक्तिवाद त्यामागे होता. ज्या समाजाचा इतिहास येथील ग्रंथकारांनी पुसला आणि परदेशी भाषांनी जपून ठेवला, त्या समाजाच्या मुलांना हा युक्तिवाद लागू कसा पडतो? चिनी विनयग्रंथांचा अभ्यास हा भारताचा इतिहास की चीनचा? या अटीविरुद्ध विद्यार्थ्यांनी आवाज उठविला, ते योग्यच झाले. नियमावली दरवर्षी नव्याने निघते. म्हणून अर्जदाराने त्या त्या वर्षीची प्रत स्वतः वाचावी. कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये, आमच्याही नाही.

दुसऱ्या वर्गातील शिष्यवृत्त्या यजमान देश देतात. त्यांना जातीचा दाखला लागत नाही, आरक्षणही नसते. जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची शिष्यवृत्ती तेथील दूतावासामार्फत मिळते. तिच्यात प्रवासखर्च, शिक्षणशुल्क व मासिक वेतन असते. जपानी भाषा हाच मुख्य विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्यांसाठी एक वर्षाचा स्वतंत्र प्रकार आहे. पदवीनंतर संशोधक विद्यार्थी म्हणून जाणाऱ्यांसाठी दुसरा प्रकार आहे. ज्यांना जपानी पुरेशी येत नाही त्यांना त्यात आरंभी सहा महिने भाषा शिकविली जाते. जर्मनीची डी.ए.ए.डी. ही संस्था १९२५ पासून कार्य करीत आहे. तेथील उन्हाळी भाषावर्गांसाठी तिची शिष्यवृत्ती असते. परंतु अर्जापूर्वीच जर्मन भाषेची ठरावीक पातळी गाठलेली असावी लागते.

चिनी शिकू इच्छिणाऱ्यांसाठी तैवानच्या शिक्षण मंत्रालयाची ‘हुआयू’ शिष्यवृत्ती विशेष विचारात घेण्यासारखी आहे. ती केवळ भाषाशिक्षणासाठी असून दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत मिळते. बौद्ध विद्येच्या दृष्टीने तिचा एक लाभ आहे. चीनमध्ये आज सुलभ केलेली लिपी शिकविली जाते, तर तैवानमध्ये पारंपरिक लिपी चालते. चिनी त्रिपिटकाची जपानमध्ये १९२४ ते १९३४ या काळात छापलेली ताइशो आवृत्ती आज जगभर प्रमाण मानली जाते. ती पारंपरिक लिपीतच आहे. मात्र या शिष्यवृत्तीत मासिक रक्कम मिळते. विमानाचे भाडे व वर्गाचे शुल्क विद्यार्थ्यालाच सोसावे लागते. शेतमजूर कुटुंबातील विद्यार्थ्याने हा हिशेब अर्जापूर्वीच घरच्यांसमोर मांडावा. निवड झाल्यावर पैशांअभावी जागा सोडावी लागणे यासारखे दुःख नाही.

अर्जाचा गाभा

प्रत्येक अर्जात एक निवेदन द्यावे लागते : ही भाषा का, येथेच का, आणि शिकून पुढे काय? सारा अर्ज या तीन प्रश्नांवर उभा असतो. येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने अशाच एका शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला. शिफारसपत्र आम्ही दिले. विद्यार्थी हुशार आहे, कष्टाळू आहे, त्याचे वर्तन चांगले आहे, असे चार ओळींत लिहून आम्ही सही केली. तो निवडला गेला नाही. नंतर त्याचे निवेदन आम्ही वाचले. यजमान देशाच्या संस्कृतीची स्तुती, मग त्या देशाच्या प्रगतीची स्तुती, मग स्वतःच्या गरिबीचे वर्णन, आणि शेवटी विनंती, असा त्याचा क्रम होता. हा विद्यार्थी दोन वर्षे पातिमोक्खाच्या नियमांची तुलनात्मक सारणी तयार करीत होता. इतर निकायांचे विनयग्रंथ चिनी भाषांतरात आहेत, म्हणून त्याला ती भाषा हवी होती. हे ना त्याने लिहिले, ना आम्ही. त्याला वाटले, एवढी लहान गोष्ट कशाला सांगायची; आणि आम्ही तर त्याचे निवेदन सही करण्यापूर्वी मागितलेही नव्हते. परीक्षकांनी त्याला नाकारले, असे आम्ही म्हणू शकत नाही. तो त्यांच्यासमोर गेलाच नव्हता.

तेव्हापासून निवेदन वाचल्यावाचून आम्ही शिफारसपत्र देत नाही. गुरुजनांनीही हा नियम करावा, अशी विनंती आहे. विद्यार्थ्याने कोणता ग्रंथ वाचला, कोणते टिपण लिहिले, कोठे अडला, हे शिफारसपत्रात आले पाहिजे.

कामरगावच्या त्या विद्यार्थिनीने निवेदन लिहिले, तर ते असे असू शकेल : मी पाली धम्मपद मुळातून वाचले आहे, चिनी धम्मपदातील अधिक वर्ग मला पालीशी ताडून पाहायचे आहेत, त्यासाठी आधुनिक चिनी हा पहिला टप्पा व बौद्ध ग्रंथांची जुनी चिनी हा दुसरा टप्पा आहे, हे मला ठाऊक आहे, परतल्यावर हे वर्ग मराठीत आणण्याचा माझा संकल्प आहे. यात गरिबीचा उल्लेख नाही आणि अभिमानाचाही नाही. केवळ काम आहे. गरिबी लपवावी असे नाही. जेथे उत्पन्नाचा रकाना आहे तेथे ती आकड्यांत लिहावी. निवेदन हे प्रयोजनाचे स्थान आहे.

कागदपत्रे आणि पूर्वतयारी

अनेक अर्ज गुणवत्तेने नव्हे, तर कागदांनी मागे पडतात. दहावीच्या प्रमाणपत्रावरील, पदवीवरील व पारपत्रावरील नाव अक्षरशः एकच असावे. वडिलांचे नाव एका ठिकाणी आहे व दुसरीकडे नाही, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग बदलले आहे, विवाहानंतर नाव बदलले आहे, असे फरक वर्षभर आधी दुरुस्त करून घ्यावेत. मराठीतील दाखल्यांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून ठेवावे. पारपत्र अर्जाच्या महिन्यात काढू नये, आधीच काढावे.

शासकीय योजनांसाठी जातीचा दाखला लागतो, आणि तेथे आपल्या समाजाची एक विशेष अडचण आहे. महाराष्ट्रात नवबौद्धांना सवलती १९६० पासून मिळाल्या. केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींत मान्यता दिली ती १९९० साली. त्यामुळे राज्याचा व केंद्राचा दाखला एकाच नमुन्यात नसतो. ज्यांच्या शाळेच्या दाखल्यावर केवळ ‘बौद्ध’ अशी नोंद आहे, त्यांनी कोणत्या योजनेस कोणता नमुना चालतो, हे वाशीमच्या समाजकल्याण कार्यालयात वेळेवर विचारून घ्यावे. ‘बौद्ध’ ही नोंद हा आपला अभिमान आहे; तिच्यामुळे अर्ज अडू नये म्हणून ही काळजी.

भाषेचा आरंभ मात्र येथेच करावा. ज्याने शंभर चिनी अक्षरे स्वतः गिरविली आहेत, त्याच्या इच्छेला पुरावा आहे. जपानी भाषेची पाच पातळ्यांची परीक्षा भारतात होते. तिची पहिली पायरी घरी अभ्यास करूनही चढता येते. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषांचे वर्ग जुने व नावाजलेले आहेत, पण वाशीम जिल्ह्यातून पुण्यास राहणे सर्वांस परवडणारे नाही. आज दूरस्थ वर्ग भ्रमणध्वनीवर घेता येतात, ही सोय मागील पिढीला नव्हती. विहारात सायंकाळी दोन-तीन जणांनी एकत्र बसून शिकावे. वंदनेनंतरचा अर्धा तास त्यासाठी पुरे. दलालाला एक पैसाही देऊ नये. या शिष्यवृत्त्यांचे अर्ज विद्यार्थी स्वतः भरू शकतो.

अट वाचून सही करावी, हे शेवटचे. बाबासाहेबांच्या करारातील मुदत संपली तेव्हा लंडनचे शिक्षण अर्धे टाकून १९१७ साली त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरीसाठी गेल्यावर राहायला जागाही मिळाली नाही, ही कथा आपण जाणतो. पण १९२० मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज यांवर ते पुन्हा लंडनला गेले आणि शिक्षण पूर्ण केले. एक शिष्यवृत्ती संपली म्हणून अभ्यास संपत नाही. एक अर्ज नाकारला गेला म्हणूनही नाही.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर

कामरगावातून केलेला अर्ज कोणी वाचेल का? आता आम्ही असे उत्तर देऊ : तो वाचला जाईल, जर त्यात कामरगावातील विद्यार्थिनीचे स्वतःचे वाचन असेल, आणि तिची शिफारस करणाऱ्यांनी ते वाचन पाहिले असेल. यातील पहिली जबाबदारी तिची आहे, दुसरी आमची. एकदा आम्ही ती पार पाडली नाही. चिनी धम्मपदातील अधिक वर्गांचे तिने पालीशी ताडून केलेले पहिले टिपण ज्या दिवशी आमच्या हाती येईल, त्याच दिवशी शिफारसपत्र लिहावयास आम्ही बसू. आणि या वेळी ते चार ओळींचे नसेल.